नारळ जिथं आडवाच राहिला

आधीच सांगतो, भूत-बित मी मानत नाही. चकवा लागलेल्या माणसाला घरी पोचवणारा मीच आणि वाटेत त्याची टिंगल करणाराही मीच! तेव्हा हसा... पण वाचून झाल्यावर.

कर्जत तालुक्यात आमची लिंबोणीची बाग आहे. गेल्या उन्हाळ्यात झाडांनी माना टाकल्या. पाणी शोधणारा पाणाड्या तळहातावर आडवा नारळ घेऊन रानभर फिरला; नारळ उभा राहील तिथं खाली पाणी. नारळ दोनच जागी उभा राहिला — चिंचेखाली आणि बांधाजवळ. मी म्हणालो बांध. धाकटा भाऊ बबन म्हणाला चिंच. बबन जिंकला, आणि चिंचेखालच्या बोअरमधून निघाला नुसता फुफाटा! बोअरचा गाडीवाला म्हणाला, अजून एक मारतो, मग पुढच्या गावाला जातो. म्हणजे बागेचा शेवटचा डाव. अर्थात बांधाजवळ!

गाडीवाले जेवायला बसले. भर दुपारी मी बांधाकडे गेलो आणि थबकलो. तिथं बोअर घेतलेला होता! केसिंगचा पाइप वर आलेला, भोवती राखाडी भुकटी, सगळी कोरडी. शेजारी डोकं धरून बसलेला माणूस... मीच. फक्त त्याला मिशा होत्या. माझ्या मी पोरीच्या लग्नात काढल्या.

त्यानं वर पाहिलं. दचकला बिचारा! मग नारळ धरावा तसा तळहात पुढे केला आणि उपडा केला — पाणी नाही. मी चिंचेकडे बोट दाखवून माझाही तळहात उपडा केला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं... आणि दोघांनी एकदमच ओढ्याकडच्या कोपऱ्याकडे. मी नजर परत वळवली तर समोर नुसती ढेकळं.

"गाडी ओढ्याकडं घ्या!" मी ओरडलो.

"आण्णा, डोकं फिरलं का?" बबन धावत आला. "तिथं नारळ हललाबी न्हाई!"

"बांधाला पानी न्हाई. आत्ताच इचारून आलो."

"कुनाला?"

"मला."

बबन चिंचेखाली जाऊन रुसून बसला. मी गाडीपुढे चालत राहिलो. ओढ्याजवळ पाणी लागलं. फार नाही, पण बाग जगली.

बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हंजी तिकडच्या माज्या पदरातबी तुमीच पडला? अरारा!"

आपल्यासारखी आणखी विश्वं असतात म्हणे. आपण न घेतलेली वाट तिकडे कुणीतरी घेतलेली असते. असेल. मला आजतागायत उलगडा झालेला नाही. बांधाखाली खरंच पाणी नव्हतं का, तेही ठाऊक नाही. बबन म्हणतो, एकदा बोअर मारून बघूच.

नाही म्हणजे नाही. माझाच माणूस तिथं डोकं धरून बसला होता. त्याला मी खोटं पाडणार नाही.