डोसाच्या दिवशी आईचं रक्त

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ठाण्यातल्या एका प्रसूतिगृहात नर्स होते, आणि एका गोष्टीने माझं डोकं फिरायचं. गरोदरपणी जिची साखर वाढली, तिने बाळंतपणानंतर दीड महिन्याने उपाशीपोटी रक्त तपासून घ्यायचं, हे आम्ही घसा फोडून सांगायचो. बायका मान डोलवायच्या आणि फिरकायच्या नाहीत. बाळाचा दीड महिन्याचा लसीचा डोस मात्र एक दिवस चुकवतील तर शपथ.

म्हटलं, मग त्याच दिवशी आईचंही रक्त घेऊ. पण डोस बुधवारी दुपारी आणि लॅब रक्त घेणार सोमवारी सकाळी. हे दोन वार जुळवायला मी साहेबांच्या टेबलाशी चार महिने खेटे घातले. शेवटी दोन्ही बुधवारी सकाळी ठरलं. मी स्वतःवर जाम खूश.

त्या बुधवारी पहिलंच बाळ आलं ते ठाण्याजवळच्या बाळकुमच्या एका कोळणीचं. गरोदरपणी तिची साखर वाढलेली, आणि साखरेपायीच तिच्या आईचा पाय कापावा लागला होता, म्हणून तिच्यासाठी माझा जीव वरखाली. आणि बाळाला घेऊन आलं कोण? सासू!

"सून कुठेय?"

"ती बाजारान गेलीय. रगतच पायजे ना? माजा काढा." म्हातारीने हातसुद्धा पुढे केला.

मी कपाळावर हात मारला. कोळ्यांच्या घरात सकाळी सून मासळी घेऊन बाजारात आणि बाळ सासूकडे, हे ठाण्यात जन्म काढलेल्या मला सुचू नये! माझाच मला राग आला.

उद्या सुनेला चहासुद्धा देऊ नका, असं सासूला बजावलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना सुई-बाटली पर्समध्ये टाकली आणि कोणाला न विचारता बाळकुम गाठलं. पाटी भरता भरता सुनेने हात पुढे केला.

साखर वाढलेली निघाली. सांगायला बाजारात गेले, तर म्हणाली, "पोराला काय नाय ना?"

"अगं बाई, पोर ठणठणीत आहे! मी तुझं सांगतेय, तुझं!" मी भर बाजारात ओरडले. बुधवारी ये, डॉक्टरांना दाखवू, एवढं सांगून निघाले. ती येणार नाही याची मला खात्रीच होती.

बुधवारी डोसाच्या रांगेत ती शेवटी उभी होती, बाजार बुडवून आलेली. रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. खालच्या आवाजात म्हणाली, "शिस्टर, आज पोर नाय आनला. चालंल ना?"