नुसतं विचारलं होतं

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि फेसबुकवर लिहितो. वर्गात मुलं जांभया देतात. फेसबुकवर लोक माझ्या लेखाची वाट पाहतात.

गेल्या हिवाळ्यात मी बागलाणातल्या फड पद्धतीवर लिहिलं. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि सगळ्यांच्या शेतांना पाळीने पाणी देणारा, गावाने नेमलेला पाटकरी. ही पद्धत संपली, शेवटचा पाटही बुजला, असं मी ठोकून दिलं. मी तिकडे कित्येक वर्षांत गेलो नव्हतो.

चौथ्या दिवशी दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची प्रतिक्रिया आली. ती आता सटाण्याकडे शिक्षिका आहे. ‘सर, आमच्या गावात फड चालू आहे. आज सकाळीच आमची पाळी होती. या एकदा, पाटकरीबाबांशी गाठ घालून देते.’ सोबत वाहत्या पाटाचा फोटो. पाठोपाठ तिच्या गावच्या चार-पाच जणांनी तेच लिहिलं.

‘चुकलो’ एवढं पुरलं असतं. पण लेख खूप फिरला होता, त्यावरून व्याख्यानाचं बोलावणंही आलं होतं. मी लिहिलं, ‘एकाच गावातून, एकाच वेळी, एकाच सुरात प्रतिक्रिया कशा येतात? हा फोटो नेमका आजच कसा निघाला? पाण्यावर मी बोलू नये असं कोणाला वाटतं? नाव घेत नाही. सुज्ञांना कळेल.’

एका पाटावरची माणसं एका सुरात बोलणारच, हे मला लिहितानाही कळत होतं. पण मी कुठे काही म्हटलं होतं? नुसतं विचारलं होतं.

सुज्ञांना कळलं. कोणी तिची शाळा शोधून मुख्याध्यापकांना फोन केला. कोणी तिच्या नवऱ्याचा एका पुढाऱ्याबरोबरचा, लग्नातला फोटो शोधून काढला. ‘ताई, पाकीट केवढं मिळालं?’ असं विचारणाऱ्याला मी हसरा चेहरा टाकला. तो मी टाकला, हे मला विसरता येत नाही.

मग तिच्या नवऱ्याचा फोन आला. ‘सर, तिची चौकशी लागलीये. नोकरीचा प्रश्न आहे. लोक तुमचं ऐकतात, तेवढं एक लिहा ना.’

मी लगेच लिहिलं. चूक माझी, फड चालू आहे, शिक्षिकेच्या मागे कोणीही नाही.

खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, ‘सर, दबाव आहे का? असेल तर नुसतं टिंब टाका.’

‘कसलाही दबाव नाही,’ मी लिहिलं.

‘सर बोलू शकत नाहीयेत. समजून घ्या मित्रांनो.’

दोन दिवसांनी मीच तिच्या नवऱ्याला फोन केला. सरांना काय धमकी दिली, असं विचारणारे फोन आता तिला येत होते.

‘आता काही लिहू नका, सर,’ तो म्हणाला. ‘तुम्ही लिहिलं का फोन वाढतात.’

‘तिला देता का जरा?’

‘इथंच आहे ती, पण बोलणार नाही. फोटो काढून टाकलाय तिने. शाळेतही लिहून दिलं, माझी माहिती चुकीची होती, फड बंद आहे.’

‘आणि पाणी?’

‘उद्या आमची पाळी आहे,’ तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.