दार धरायला येतेस का?

काजवालीची आणि माझी खरी ओळख झाली ती संडासाच्या दाराशी. हे वाचून कुणाला मळमळलं तर मळमळू दे. मला स्वतःला त्या कारखान्यात रोज मळमळायचं, आणि त्याचं कारण नुसता संडास नव्हता.

आमचा शर्ट शिवायचा कारखाना. दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, त्यात पन्नासेक मशिनी आणि पन्नासेक बायका. मी कॉलर लावायची. माझ्या डाव्या हाताला काजाचं मशीन होतं. शर्टाला बटणं अडकवायची जी भोकं असतात ती काजं, आणि ती पाडणारी म्हणून ती काजवाली. उंच, हाडकुळी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक शब्दाचं भाडं भरावं लागतंय. ती सुताराची लेक. मशीन अडलं की मेकॅनिकची वाट न बघता ओढणीच्या टोकाला हात पुसायची, आणि स्वतःच पेचकस घेऊन बसायची. मेकॅनिक बिचारा साधा माणूस. हात जोडून म्हणायचा, "ताई, माझ्या पोटावर पाय देऊ नका हो."

हॉलच्या टोकाला बायकांचे दोन संडास. त्यातला एक कायमचा तुंबलेला, त्याच्याबद्दल काही लिहीत नाही. दुसऱ्याच्या दाराला कडी नव्हती. कधीकाळी असावी, कारण फळीला चार भोकं होती. दार बाहेर उघडायचं आणि चौकट वाकडी, त्यामुळे ते लोटून ठेवलं तरी आपल्या आपण, अगदी सावकाश, उघडत जायचं. आत बसलेल्या बाईचा हात तिथवर पोचायचा नाही. म्हणून आमच्याकडे जोड्या असायच्या. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर उभं राहून दार दाबून धरायचं. नवी बाई कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला मशीन मिळायचं, कात्री मिळायची, आणि दुपारपर्यंत म्हाताऱ्या बायका सोयरीक जुळवावी तशी तिची दाराची जोडी जुळवून द्यायच्या. माझी जुळली काजवालीशी. ती मशिनीवरून मान वर करून एवढंच म्हणायची, "दार धरायला येतेस का?" मी उठायची. चार वर्षं. नवऱ्याला नसतील ठाऊक इतक्या गोष्टी मला तिच्या ठाऊक झाल्या आणि तिला माझ्या, पण आम्ही त्यातलं एक अक्षर कधी बोललो नाही.

मग नवे मॅनेजर आले, टाळीसाहेब. हे नाव आम्हीच ठेवलेलं.

वय तिशीच्या आत, अंगाला अत्तराचा असा भपकारा की इस्त्रीची वाफसुद्धा मागे सरावी. कुठलंसं दोन दिवसांचं शिबिर करून आले होते. त्यांच्या हातात एक गुळगुळीत पुस्तिका असायची, तिच्यावर छापलं होतं, 'कमी खर्चात कामगारांचा उत्साह वाढवण्याचे एकवीस मार्ग'. मालकांना 'कमी खर्चात' एवढंच आवडलं असणार. रोज अकराच्या घंटेला आम्ही सगळ्यांनी मशिनी थांबवून गोल उभं राहायचं आणि एकमेकींसाठी टाळ्या वाजवायच्या. कशासाठी, ते विचारायचं नाही. वाढदिवसाला एक कागदी मुकुट होता. तोच एक, सगळ्यांना. पन्नास डोक्यांचं तेल पिऊन तो आतून काळा पडला होता, चिकट झाला होता, तरी ज्या बाईचा वाढदिवस तिच्या डोक्यावर साहेब तो दोन बोटांनी ठेवायचे आणि लगेच रुमालाला बोटं पुसायचे. फुगे तर विचारू नका. आम्हीच तोंडाने फुगवायचे, दुसऱ्या दिवशी हवा काढून ठेवायचे आणि पुढच्या वाढदिवसाला दुसरीने त्याच तोंडाला तोंड लावायचं. एका फुग्यात किती बायकांची थुंकी असेल याचा मी एकदा हिशेब करायला गेले आणि त्या दिवशी माझ्याने डबा खाल्ला गेला नाही.

भिंतीवर एक फळा आला. टाळ्यांना हजर असलेल्यांच्या नावापुढे हसरा चेहरा, गैरहजर असलेल्यांच्या नावापुढे रडका. महिन्यात तीन रडके झाले की रजेचा अर्ज मागे. हा पुस्तिकेतला बाविसावा मार्ग असावा.

आणि एक सूचनापेटी आली. लाल, चकचकीत, आणि तिला मात्र कडी होती. वर कुलूप.

काजवालीने पहिल्याच दिवशी चिठ्ठी टाकली. 'बायकांच्या संडासाला आतून कडी लावा.' आठवड्याने साहेबांनी टाळ्यांच्या वेळी ती वाचली, म्हणजे वाचली नाही, नुसती हलवून दाखवली आणि म्हणाले, "ताई, पेटी सकारात्मक सूचनांसाठी आहे. आपण मोठा विचार करूया." काजवालीच्या ओढणीला त्यांनी 'धन्यवाद' लिहिलेला गोल कागद चिकटवला. तिने तो काढला, उलटून पाहिला आणि मशिनीच्या बाजूला, धागे टाकायच्या डब्यात टाकला. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच चिठ्ठी. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. अक्षरसुद्धा बदललं नाही.

आता मला माझं सांगायला हवं. ते सांगताना मला साहेबांच्या मुकुटाहून जास्त किळस येते.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. माझा पाच दिवसांच्या रजेचा अर्ज आत होता आणि फळ्यावर माझ्या नावापुढे दोन रडके चेहरे होते. दोन्ही दार धरताना घंटा झाल्यामुळे मिळालेले. त्या दिवशी अकराला पाच मिनिटं असताना काजवालीने मान वर केली. "येतेस का?" नाही कसं म्हणणार? गेले. ती आत, मी बाहेर. घंटा झाली. हॉलमधून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी म्हटलं, "लवकर कर गं." आतून उत्तर आलं नाही. पोट बिघडलं असेल. टाळ्या सुरू व्हायच्या होत्या. माझ्या कमरेला कापडाची चिंधी खोचलेली होती, ती मी घडी करून दार आणि चौकटीच्या फटीत कोंबली. हाताने ओढून पाहिलं. बसली घट्ट. दोन मिनिटांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणत मी धावले आणि गोलात जाऊन उभी राहिले. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही हसले.

त्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता. फुग्यांचं आणि पताकांचं खोकं ठेवायला साहेबांनी जागा शोधली होती ती नेमकी बायकांच्या संडासाच्या बोळात, कारण तिथली जागा 'वाया जात होती'. साहेबांनी मेकॅनिकला सांगितलं, "जा, पताका घेऊन ये." तो गेला. बोळात खोकं दाराच्या चौकटीलाच टेकलेलं. त्याने ते ओढलं, धक्क्याने चिंधी पडली, आणि दार आपल्या सवयीप्रमाणे सावकाश उघडत गेलं.

तो ओरडला नाही, ती ओरडली नाही. तो खोकं न घेताच हॉलमध्ये परत आला, कानापर्यंत लाल, आणि खांबाकडे तोंड करून उभा राहिला. साहेबांनी विचारलं, "पताका?" तेवढ्यात ती बोळातून बाहेर आली, आणि कुणाला तरी काय झालं ते कळलं, आणि कुणीतरी फिसकन हसलं. आम्ही टाळ्या वाजवत होतो. मी वाजवत होते. काजवाली आपल्या मशिनीवर जाऊन बसली आणि तिने उरलेल्या शर्टांची काजं पाडली, एकही वाकडं नाही.

त्या दिवसानंतर तिने 'येतेस का' विचारणं बंद केलं. मला वाटलं दुसरी कुणी जोडीदारीण धरली असेल. तसं नव्हतं. तिने पाणीच बंद केलं होतं. घरून भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत जायची. ओठ फुटले, चेहरा मातीचा झाला. तिसऱ्या आठवड्यात ती कामावर आली नाही.

मी रविवारी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, तिसरा मजला. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती, अंगात ताप, कंबर धरलेली. सासू उशाशी बसून तिला जबरदस्तीने चमचा चमचा पाणी पाजत होती. मला म्हणाली, "डॉक्टर नुसते डाफरले. लघवीची आग किडनीपर्यंत गेली म्हणे. पाणी का पीत नाही, विचारतात. मी काय सांगू? घरातसुद्धा मोरीला आतून कडी लावते आणि वर बादली टेकवते. तुमच्याकडे काय केलं गं हिला?"

सासू चहा ठेवायला गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, "मी चिंधी लावली होती."

ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "दिसली."

बस. एवढंच. त्यापेक्षा तिने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चहा कसाबसा प्यायले आणि जिना उतरले. मला माझ्या हातांचीच शिसारी आली होती. बहिणीच्या लग्नाला मी पाच दिवस जाऊन आले, तेही सांगून टाकते.

कारखान्यातून तिला कार्ड गेलं. 'लवकर बऱ्या व्हा, हसत राहा.' खाली आम्हा पन्नास जणींच्या सह्या. माझीही.

महिन्याने ती परत आली. डब्याच्या पिशवीत डबा नव्हता. एक लोखंडी कडी होती, चार स्क्रू, एक टोच्या आणि साबणाचा तुकडा. जेवणाच्या सुट्टीत ती थेट बोळात गेली. आम्ही मागे जाऊन उभ्या राहिलो. जुनी भोकं झिजली होती, म्हणून तिने टोच्याने नवी पाडली, प्रत्येक स्क्रू साबणावर घासला म्हणजे तो लाकडात न अडकता जातो, आणि पेचकसाने चारही बसवले. मेकॅनिक लांबूनच म्हणाला, "ताई, चौकटीला थोडा रंधा मारून देऊ?" ती म्हणाली, "दे." दहा मिनिटं. चार वर्षं जी गोष्ट होत नव्हती ती दहा मिनिटांत झाली, आणि वर तिला हात धुवायला वेळ उरला.

साहेबांना कळलं तेव्हा ते तणतणत आले. कंपनीच्या मालमत्तेला विनापरवाना भोकं पाडली, लेखी खुलासा द्या. तिने कागद घेतला, त्यावर लिहिलं, 'बायकांच्या संडासाला आतून कडी लावली,' आणि परत दिला.

पण त्याच आठवड्यात मालकीणबाई कारखाना बघायला आल्या. त्यांना संडासाला जावं लागलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "इथे निदान कडी तरी धड आहे. आपल्या दुसऱ्या कारखान्यात तेही नाही." साहेबांचा चेहरा क्षणात बदलला. "मॅडम, आमचाच उपक्रम. कर्मचाऱ्यांच्या सूचनेतून." सरड्यालाही इतक्या लवकर जमलं नसतं.

झालं, समारंभ ठरला. मालकीणबाई समोर खुर्चीवर, मागे तेच थुंकीचे फुगे, आणि 'सर्वोत्तम सूचना' म्हणून काजवालीचा सत्कार. साहेब तो काळाकुट्ट मुकुट घेऊन पुढे झाले. तिने मान मागे घेतली. "नको. डोक्याला खाज सुटते." मालकीणबाई हसल्या, म्हणून साहेबही हसले. "बरं ताई, दोन शब्द बोला. या कंपनीत तुम्हाला काय आवडतं?"

काजवालीने टेबलाकडे पाहिलं. मालकीणबाईंसाठी झाकून ठेवलेला पाण्याचा तांब्या होता. म्हणाली, "पाणी घेऊ का?"

साहेबांनी घाईने ग्लास भरून दिला. ती उभ्यानेच प्यायली. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग स्वतःच तांब्या उचलून दुसरा भरला, तोही प्यायली. आम्हा पन्नास जणींना कळत होतं आम्ही काय बघतोय. ग्लास पालथा ठेवून ती म्हणाली, "आलेच मी," आणि बोळाकडे चालू लागली. काय करावं हे न सुचून साहेबांनी टाळ्या सुरू केल्या.

माझे पाय आपोआप वळले. मी तिच्या मागे बोळात गेले आणि सवयीने दोन्ही हात दाराला लावून उभी राहिले. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"कोण आहे?"

"मी आहे. धरलंय."



"सोड," ती म्हणाली. "आता सोडलंस तरी चालतं."

मी हात काढले. दार जागचं हललं नाही.