एका ओकच्या दोन तुळया

इंग्लंडातल्या सफोक परगण्यात विनिफ्रेड पास्कनं पस्तीस वर्षं ‘टिटवी’ नावाचा पब चालवला आणि पस्तीस वर्षं एकच भांडण मन लावून जोपासलं. पबच्या दारावर तिच्या नवऱ्यानं, वॉल्टरनं, वारण्याआधी स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘सफोकमधला सर्वांत जुना पब’. अगदी तीच ओळ तीन मैलांवरच्या ‘हंस’वरही. हंसचा मालक सिरिल थर्टल म्हणे, टिटवी म्हणजे कालचं पोर. विनी म्हणे, सिरिलच्या आजोबांनी हंसच्या जागेत डुकरं बांधली होती. चर्चमध्येसुद्धा दोघं एका बाकावर बसत नसत. हट्टी माणसं, दुसरं काय!

शेवटी पाद्रीबाईंनी तोड काढली. लाकडाचं वय सांगणाऱ्या एक तज्ज्ञ बाई आणायच्या, दोन्हीकडच्या मोठ्या तुळयांना बारीक भोक पाडून आतली वलयं मोजायची. जो हरेल, त्यानं आपल्या हातानं पाटी उतरवायची. विनी हो म्हणून बसली खरी, पण वॉल्टरचा हात आता उरला होता तो त्या पाटीवरच. निकालाच्या सकाळी तिनं शिडी आधीच दाराशी आणून ठेवली. रडायचं तर शिडीवरच रडू, म्हणाली.

टिटवीत सगळा गाव जमला. सिरिलही आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. तज्ज्ञ बाईंनी कागद उघडला आणि पुन्हा एकदा वरपासून वाचला. मग म्हणाल्या, “दोन्ही तुळया एकाच ओकच्या आहेत. १४४६ च्या थंडीत पाडलेलं एकच खोड, मधोमध चिरलेलं.”

विनीनं मान वर करून तुळईकडे पाहिलं. अबब, पावणेसहाशे वर्षं! किती राजे आले नि गेले, आणि एका झाडाची ही दोन अर्धी तीन मैलांवर माणसांचं बोलणं ऐकत राहिली. तिची नि सिरिलची भांडणंसुद्धा दोन्हीकडून ऐकली असणार.

सिरिलनं टोपी काढली, जन्मात पहिल्यांदा आत पाऊल टाकलं आणि तुळईवर तळवा टेकला. मग दारातली शिडी उचलून मागच्या पडवीत ठेवून आला.

“काय देऊ?” विनीनं विचारलं.

“अर्धा ग्लास.”

“एवढ्या वर्षांनी आलास, आणि अर्धाच?”

“बाकीचा अर्धा माझ्या घरी आहे ना गं, विनी.”

तिनं दोन अर्धे भरले.