उजव्या बाजूचे तीन आठवडे

पौषात लग्नं जवळजवळ नसतात, म्हणून घोडी मिळाली. देवरीच्या शकूरभाईंकडे वरातीची एक पांढरी घोडी आहे, नाव लाडो. मी ती तीन आठवड्यांसाठी मागितली आणि तिला बाजूला चालायला शिकवायचं आहे असं सांगितलं. शकूरभाई म्हणाले, "मॅडम, ये घोडी दूल्हा उठाती है. परेड नहीं करती." मी म्हटलं, करेल. ते म्हणाले, लाथ मारली तर त्यांचं नाव घ्यायचं नाही.

काम असं होतं. देवरीपासून बारा किलोमीटरवरच्या एका गावात सायत्राबाई टेंभुर्णे राहतात. त्यांचा मुलगा नाईक दिलीप टेंभुर्णे सैन्यात माझ्या हाताखाली होता आणि माझ्यासमोर गेला. गावाने शाळेच्या फाटकाजवळ त्याच्या नावाचा दगड उभारला होता. सव्वीस जानेवारीला सायत्राबाईंच्या हातून तो उघडायचा होता, आणि त्यांनी नकार दिला होता. सरपंचांनी माझा नंबर शोधून फोन केला. मी राहते त्या फुलचूरहून पहिली बस धरली.

सायत्राबाई सत्तरीच्या पुढे आहेत. अंगणात धान पाखडत होत्या. "जय भीम" म्हणाल्या, पाणी दिलं आणि सूप खाली न ठेवता विचारलं, "तो दरीच्या बाजूनं काऊन गेला?"

तो गेल्यावर मी त्यांना पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं तेच सांगितलं. वाट कच्ची होती, कर्तव्यावर असताना पाय घसरला.

"खेचर डाव्या बाजूनं धरतेत. तोच सांगे. मंग तो उजवीकडं कायले गेला? गाव म्हणते खेचरापायी मेला. जनावर वाचलं आन पोट्टा गेला." सूप थांबलं. "तू तेथी होती. सांग."

मी सांगायला लागले. चढ, वळण, लोड, मागचे पाय. दोन मिनिटं त्यांनी ऐकलं.

"सांगू नोको, बाई. दाखव."

गोंदिया जिल्ह्यात खेचर कुठून आणणार? म्हणून घोडी.

आता थोडं नोकरीबद्दल सांगावं लागेल. मी शॉर्ट सर्व्हिसची कॅप्टन होते आणि माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात ॲनिमल ट्रान्सपोर्टमध्ये होती. जिथे गाडीरस्ता संपतो, तिथून वरच्या चौक्यांना रॉकेल, पीठ आणि दारूगोळा खेचरं पोचवतात. एका जवानाकडे तीन खेचरं असतात, एकामागे एक बांधलेली. त्या जवानाला आमच्याकडे ड्रायव्हर म्हणतात. दिलीप ट्रक चालवतो असं त्याच्या गावाला तीन वर्षं वाटत होतं. सुट्टीवर आला की लोक त्याला गाडी शिकवायला सांगायचे.

लादलेलं खेचर वाटेच्या आतल्या अंगाने चालत नाही. लोड डोंगराला घासतो, धक्का बसतो, म्हणून ते दरीच्या कडेने चालतं. हे त्याला कोणी शिकवत नाही. आणि सैन्यात जनावर नेहमी डाव्या बाजूने धरायचं, हा नियम. खोगीर चढवणं, लगाम घालणं, चालवणं, सगळं डावीकडून.

या पोस्टिंगआधी मी चार महिन्यांचा रायडिंग कोर्स केला होता. तिथे शोल्डर-इन शिकले. घोडा भिंतीलगत सरळ पुढे जातो, पण खांदे थोडे आत वळवून, त्यामुळे पाय एकमेकांसमोरून ओलांडत पडतात. स्पर्धेत पांढरे हातमोजे घालून करतात. मला ती शोभेची गोष्ट वाटली होती. कंपनीत एकदा सहज दिलीपला सांगितली. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे खेचराले आलं तं कडेवरून आत घेता येते."

त्याने ते जमिनीवर उभं राहून, खोगिराशिवाय सुरू केलं. एका हातात दोर, दुसऱ्या हातात आखूड काठी. स्वाराची टाच जिथे लागते तिथे, तंगाच्या, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्याच्या, जरा मागे काठीचं टोक टेकवायचं. मारायचं नाही. जनावराने माणसापासून दूर एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी काठी काढायची. काठी निघाली, हेच बक्षीस. आठ दिवसांत पहिलं खेचर मागचे पाय ओलांडून टाकायला लागलं.

त्याने मला सहा आठवड्यांचा ट्रेनिंग प्रोग्राम करून दिला. तीन आठवडे डावीकडून, तीन उजवीकडून. मी विचारलं, दोनदा कशाला?

"डावीकडून शिकलं ते उजवीकडून त्याले मालूमच नसते. एका जनावरात दोन जनावरं असतेत, मॅडम. एकच शिकवलं तं अर्धंच शिकवलं."

कमांडरचं इन्स्पेक्शन चौथ्या आठवड्यात होतं. डावीकडून सगळी खेचरं एका ओळीत बाजूला सरकलेली छान दिसत होती. उजवीकडचा गोंधळ त्या वेळी मला नको होता. मी प्रोग्राममधल्या उजवीकडच्या आठवड्यांवर रेघ मारली, "इन्स्पेक्शननंतर" असं लिहिलं आणि सही केली. इन्स्पेक्शन उत्तम झालं. त्यानंतर लगेच कन्व्हॉय लागले. उजवीकडचे तीन आठवडे राहिले ते राहिलेच.

हे सायत्राबाईंना माहीत नव्हतं. अपघाताची चौकशी करणाऱ्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीलाही नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी वाटेबद्दल, लोडबद्दल, हवामानाबद्दल विचारलं. मी विचारलेल्याची उत्तरं दिली.

लाडो टेम्पोतून गावात उतरली तेव्हा थरथरत होती. मी देवरीत खोली घेतली होती. सकाळी सातला स्कूटरवरून निघायचं, साडेसातला काम सुरू. मळणी झालेली होती, खळं रिकामं होतं. तिथे दोन बांबू समांतर टाकले.

डावी बाजू तिला चार दिवसांत आली. वरातीत तिला आयुष्यभर डावीकडूनच धरलेलं. पाचव्या दिवशी मी उजवीकडे गेले तर जणू घोडी बदलली. काठी टेकवली की ती माझ्याच अंगावर यायची. शेपटी आपटायची, पुढच्या पायाने जमीन खरवडायची. दोनदा तिने माझा पाय तुडवला. मी स्वतःही धड नव्हते. खोलीवर बसवत नव्हतं, जेवण अर्धं टाकून देवरीच्या हायवेवर चालत राहायचे. घोड्याला हे कळतं. माझा हात दोरावर घट्ट झाला की तिची मान वर जायची. एका दिवशी मी काठी टाकून दिली आणि पाऊण तास नुसती तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले. एवढंच काम झालं.

सायत्राबाई रोज यायच्या आणि खळ्याच्या कडेला दगडावर बसायच्या. बोलायच्या कमी.

"तुही घोडी काही आयकून नाही राहिली," एक दिवस म्हणाल्या.

"ऐकेल."

"आंगावर येऊन राहिली तुया."

"तिला अजून कळलेलं नाही, कुठे जायचं ते."

"आन तुले?"

मी काठी घेऊन पुन्हा लाडोच्या उजवीकडे गेले.

बाराव्या दिवशी लाडोने उजवीकडून पहिलं पाऊल ओलांडून टाकलं. मी काठी काढली. ती थांबली, तोंड हलवलं, मान खाली घातली. सोळाव्या दिवशी ती बांबूंच्या मधून दोन्ही बाजूंनी जायला लागली, पाय न लावता. एकोणिसाव्या दिवशी मी सायत्राबाईंना म्हटलं, उद्या बोडीच्या पारीवर या.

बोडी म्हणजे गावचं लहान तळं. त्याची पार, म्हणजे मातीचा बांध, वरून चार फूट रुंद. एका अंगाला कोरडी बांधी, म्हणजे धानाचं शेत, खोली साधारण पाच फूट. दुसऱ्या अंगाला मी आदल्या दिवशी बांबू आडवे बांधून कठडा केला होता. तो डोंगर. शकूरभाईही आले होते, घोडीच्या काळजीने. त्यांना मी खाली, लांब उभं केलं. लाडोच्या पाठीवर दोन्ही बाजूंना भुसा भरलेली पोती होती.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सुरुवात केली. मी डावीकडे, कठड्याच्या बाजूला. घोडीच्या उजवीकडे उतार. पोतं बांबूला घासलं तशी ती लगेच कडेला सरकली.

"बघा, ती आता कडेवर गेली. मी आतल्या बाजूला आहे. मी तिला काठी लावली तर ती माझ्यापासून लांब जाईल. म्हणजे कुठे?"

"खाली," सायत्राबाई म्हणाल्या.

"म्हणून माणूस काय करतो? दोर ओढतो. आता मागचे पाय बघा."

मी तिचं तोंड माझ्याकडे ओढलं. डोकं आत आलं आणि कंबर बाहेर गेली. उजवा मागचा खूर कडेच्या बाहेर पडला. माती सुटली. शकूरभाई खालून "मॅडम" म्हणाले, एवढंच. लाडो कंबर खचवून उभी राहिली, कान मागे.

दिलीप गेला त्या दिवशी सकाळी दहा चाळीसला हेच झालं होतं. कन्व्हॉय चढतीला, दरी उजवीकडे. दिलीप आतल्या बाजूला, हातात सात नंबरचं खेचर, मागे आणखी दोन बांधलेली. वळणावर लोड डोंगराला लागला. सात नंबरचा मागचा पाय बाहेर गेला. मी तीस पावलं पुढे होते. मी ओरडले, "दोर सोड." तो मागे न बघता म्हणाला, "तिन्ही जातीन, मॅडम." त्याने दोर ओढला नाही. ओढला तर काय होतं हे त्यालाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं. तो खेचराच्या मानेखालून वाकून पलीकडे गेला.

मीही गेले. लाडोच्या मानेखालून वाकून उजवीकडे. पाठीमागे काहीच नाही, टाचा कडेवर. काठीचं टोक तंगाच्या मागे टेकवलं. घोडीने लगेच पाय ओलांडला, एक, दोन, आणि पूर्ण आत गेली. पोतं बांबूला लागलं तरी थांबली नाही. माझ्या टाचेखालून ढेकूळ खाली गेलं. मी दोन पावलं पुढे सरकले.

सायत्राबाई चढून वर आल्या. मी उभी होते ती जागा त्यांनी पायाने मापली.

"येवढीच जागा होती त्याले?"

"याच्या अर्धी."

"तुही घोडी तं लगेच सरकली."

"हो."

"मंग त्याचं खेचर?"

"सरकलं. पण लगेच नाही. उजवीकडून त्याला कोणी कधी हात लावलेला नव्हता. त्याला कळायला वेळ लागला. तेवढ्या वेळात कड सुटली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या पुढचं विचारणार हे मला दिसत होतं. त्यांनी विचारण्याआधी मी बोलले. सहा आठवड्यांचा प्रोग्राम त्याने केला होता. तीन आठवडे मी कापले. इन्स्पेक्शनसाठी. सही माझी होती. कागद मी कोणाला दाखवला नाही.

"त्यानं सांगितलं होतं तुले? उजवीकडून शिकवा म्हणून?"

"सांगितलं होतं."

लाडो पारीवरचं सुकं गवत तोडत होती. सायत्राबाईंनी तिच्या उजव्या कुशीवर हात टेकवला. घोडी एक पाऊल आत सरकली. त्यांनी हात काढला.

"इतके वर्षं काऊन नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही."

त्यांनी हाताला लागलेले घोडीचे केस पदराला पुसले. मग म्हणाल्या, "सव्वीस तारखेले मी दगड उघडतो. तू बी ये. पर खुर्चीवर नोको बसू. आन हे मले सांगितलं ते सगळ्याइले सांग."

त्या पारीवरून उतरून घरी गेल्या. मी लाडोचा लोड काढला. शकूरभाईंनी तिचे चारही पाय हात लावून तपासले आणि दोर स्वतःकडे घेतला.

सव्वीस जानेवारीला मी पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे उभी राहिले. नाव पुकारल्यावर माइकवर गेले आणि जे झालं ते सांगितलं. दीड मिनिट लागलं. टाळ्या झाल्या नाहीत, व्हायला नकोच होत्या. खाली बसलेल्यांपैकी एका म्हाताऱ्याने विचारलं, म्हणजे तो घसरला नव्हता? मी म्हटलं, नाही. तो ठरवून त्या बाजूला गेला.

शकूरभाईंचा परवा फोन आला. तक्रार होती. वरातीत नवरदेवाच्या भावाने घोडीच्या उजव्या कुशीला हात लावला आणि ती नवरदेवासकट बाजूला सरकली, थेट बँडवाल्यांत. मी म्हटलं, चूक तिची नाही, कोणाला तिकडून हात लावू देऊ नका. ते म्हणाले, अब सबको यही बोलता हूँ.

सात नंबरचं खेचर त्या दिवशी लोडसकट चौकीवर पोचलं. त्याच्या मागची दोनही. त्या कंपनीत जनावरं पुढे दोन्ही बाजूंनी शिकवली गेली. तो आदेशही मीच काढला, अपघातानंतर नवव्या दिवशी, कारण न लिहिता.

शाळेच्या फाटकाजवळचा दगड काळा आहे. वर नाईक दिलीप टेंभुर्णे, खाली त्याच्या आईचं आणि गावाचं नाव. मधल्या ओळीत "कर्तव्य बजावताना पाय घसरून" असं कोरलेलं होतं. त्यातले शेवटचे दोन शब्द सायत्राबाईंनी दगड उघडण्याआधी पाथरवटाकडून छिन्नीने काढून घेतले. तिथे दुसरं काही कोरू दिलं नाही. बोट फिरवलं तर खळगा लागतो.