माझा चष्मा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये कसा?

मंडळी, आज सकाळी दहा वाजता एका कंपनीचं नवं शेती-अ‍ॅप उघडलं. फवारणीच्या पंपात औषध किती टाकायचं, ते सांगणारं. मी आकडा चुकवला, तर पडद्यावर आलं, "काकू, चष्मा लावा नं!"

ही ओळ शेजारच्या शबानानं तिच्या अ‍ॅपमध्ये खास माझ्यासाठी लिहिली होती. तिनं त्या अ‍ॅपचा कोड सगळ्यांना मोफत दिलाय. अट एवढीच, तिचं नाव राहू द्या आणि तुमचे बदलही खुले ठेवा. या कंपनीनं तिचं नाव पुसलं आणि कोड कुलपात टाकला.

शबानाला दाखवलं, तर ती हसली. "जाऊ द्या काकू, लोकायच्या कामी तं येऊन राह्यलं."

"तू जाऊ दे. मी नाही देणार!"

कंपनीवाल्यांनो, चोरताना निदान वाचायचं तरी! शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत शबानाचं नाव परत लावा, कोड खुला करा आणि तिला लेखी उत्तर द्या. मी चष्मा लावूनच वाचणार आहे.