ढगाची वाट

आमच्या जळगावात माघ सरता सरता हवेचा काही भरवसा राहत नाही. बाहेरगावचे लोक जळगाव म्हटलं की उन्हाळाच धरून चालतात. उन्हाळ्याच्या आधीचे हे काही आठवडे त्यांना ठाऊक नसतात. पहाटे दोन गोधड्या लागतात, दुपारी अंगातला सदरा नकोसा होतो, चारच्या सुमाराला कुठून तरी वारा सुटतो, धुळीची वावटळ गल्लीतून फिरून जाते, आणि दिवेलागणीला पुन्हा स्वेटर. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, असं सगळेच म्हणतात. मी दाराशेजारी भिंतीला एक थर्मामीटर टांगला होता आणि सकाळ-दुपार त्यातला पारा बघायची मला सवय होती. त्यावरून सांगतो, ती दर वर्षी शिवरात्रीला जातेच असं नाही. काही वर्षी जाते आणि काहीतरी विसरल्यासारखी परत येते.

मी सांगतो आहे ते वर्ष बहुधा अठ्ठ्याऐंशी. मुलगी तेव्हा बालवाडीत जात होती, त्यावरून धरतो. मी एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायला होतो. वडील आणि आई, आम्ही त्यांना आबा आणि माय म्हणायचो, गावची शेती थोरल्या भावाकडे सोपवून आमच्याकडे राहायला आले होते. गाव धुळे जिल्ह्यात, नरडाण्याच्या पलीकडे. जळगावात येऊनही दोघांची बोली अहिराणीच राहिली. आबा माझ्याशी बोलताना शहरी मराठीचा प्रयत्न करायचे. मायने तोही केला नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर आबांना लकवा झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. पायात हळूहळू जोर येऊ लागला, दोघांनी धरलं तर अंगणापर्यंत यायचे. बोलणं मात्र येईना. तोंड उघडायचे, आमच्याकडे बघायचे, आणि मिटायचे. डॉक्टर म्हणाले, "आवाज शाबूत आहे, शब्द सापडत नाहीत. एखादा जरी शब्द निघाला तरी पुढची आशा धरता येईल. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी, घरात रोजचं चाललंय ते चालू द्या." मी विचारलं, किती दिवस लागतील? ते म्हणाले, ते सांगता येणार नाही. मला आकड्याशिवायचं उत्तर सहन होत नाही, पण तेच उत्तर खरं होतं.

म्हणून आमची रोजची हालचाल त्यांच्या खाटेभोवती सुरू झाली. सकाळी खाट अंगणात उन्हाला. ऊन तापलं की कडुलिंबाखाली. पण या दिवसांत लिंब पान टाकतो, नवी पालवी अजून तांबूस आणि कोवळी, त्यामुळे सावली म्हणजे नुसती चाळणी. मग खाट भिंतीकडे, मग वारा सुटला की ओट्यावर. शाल घाल, शाल काढ. आबांच्या कपाळावर गळून पडणारी लिंबाची पानं माय टिपून काढायची आणि बोलत राहायची. गावातल्या म्हशीपासून वांग्याच्या भरितापर्यंत सगळं. "यंदाना भरीतना वांगा संपनात, दख. आते चव नही ऱ्हायनी." आबा ऐकायचे. त्यांना कळत होतं, हे डोळ्यांवरून दिसायचं. पण उत्तर नाही.

आता बिबड्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचं, सांगायला हवं. ज्वारी भिजवून, आंबवून, भरड दळून तिचा लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा, आणि तो गरम असतानाच ओल्या हाताने, छतावर उन्हात पसरलेल्या ओल्या धोतरावर गोल गोल थापायचा. वरची बाजू वाळली की धोतर उलटं करून पाणी शिंपडायचं आणि बिबडे अलगद सोडवायचे. नीट वाळले की वर्षभर टिकतात. पण अर्धे ओले असताना धोतर हलवलं की मोडलेच.

आणि आबांचा या कामाशी संबंध इतकाच, की ते दर वर्षी त्यात घोटाळा करायचे. फाल्गुनात आकाशात हातरुमालाएवढा ढग दिसला तरी ते खालून ओरडायचे, "उचला वं, पानी ई रायनं!" उचला गं, पाऊस येतोय. तरुणपणी एकदा त्यांनी एका दुपारच्या गारपिटीत काढणीला आलेला गहू आडवा झालेला पाहिला होता, तेव्हापासून त्यांचा या दिवसांतल्या आभाळावर विश्वास नव्हता. पाऊस बहुतेक वेळा यायचा नाही. गावात लोक त्यांना बघून हेच वाक्य म्हणायचे. जळगावात आल्यावर शेजारच्या अक्कांनी ते उचललं. आमची गच्ची आणि त्यांची गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती. भांडी घासताना नळ सुटला तरी अक्का म्हणायच्या, "उचला वं, पानी ई रायनं!" आबा आतून म्हणायचे, "हसा, हसा. एक दिवस रडशान." आणि माय म्हणायची, "याह्नी आयुष्यमा एक बिबडा आख्खा खाऊ दिधा नही."

त्या वर्षी आमच्याकडे बिबडे होणार नाहीत असंच मी धरलं होतं. घरात दुखणं, बायकांना उसंत नाही. पण शिवरात्र झाल्यावर एका सकाळी बायको म्हणाली, "स्वयंपाकघरात काहीतरी आंबलंय." दोघांनी शोधलं. मोरीशेजारच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, पातेलंभर ज्वारी भिजत घातलेली.

"माय, यंदा कशाला हा व्याप?" मी म्हणालो.

माय पुतण्याच्या लग्नाचं निमंत्रण द्यावं इतक्या साधेपणाने म्हणाली, "यंदा ढग येतीन."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "ढग येतील तर मग करूच नकोस."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. माय मागच्या दारी गेल्यावर हळूच म्हणाली, "अहो, त्यांना ढगच हवाय."

त्यानंतर काही दिवस आमच्या घरात उलटाच प्रकार चालला. गल्लीतल्या बायका स्वच्छ उन्हासाठी देवाला हात जोडत होत्या आणि आमची माय सकाळी उठून मोकळं निळं आभाळ बघून तोंड वाकडं करत होती. मी रेडिओवरच्या बातम्यांत हवामान लक्ष देऊन ऐकायचो. एका संध्याकाळी सवयीने सांगून गेलो, "उद्या आकाश निरभ्र." माय म्हणाली, "तुना रेडिओले काय कामधंदा नही का?"

पहिला घाटा तिने एका शनिवारी घातला. मुलगी वाटीभर गरम घाटा तेल घालून खाऊन खेळायला पळाली. मायने, बायकोने आणि अक्कांनी गच्चीवर धोतरं पसरली. दिवसभर कडक ऊन. आबांची खाट खाली अंगणात, तिथून गच्चीचा कठडा आणि वरचं आभाळ नीट दिसेल अशी. ती जागा मायनेच ठरवली होती. संध्याकाळी बिबडे सुटले, इतके चांगले की अक्का म्हणाल्या, "बठ्ठा आख्खा! एक बी मोडना नही!" माय मात्र त्यातला एक बिबडा हातात घेऊन खाली आली, आबांना दाखवला आणि म्हणाली, "दखा, आख्खा शे." आबांनी पाहिलं. ती थोडा वेळ थांबली, मग आत गेली.

त्या रात्री ती बायकोला म्हणाली, "उद्या आनखी घालसूत."

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून मी घरी होतो. सकाळी गार होतं, मी पारा पाहिला तेव्हा हात खिशात होते. अकरानंतर ऊन चढलं. दुपारी मी आबांच्या खाटेशी स्टूल टाकून बसलो होतो. तीननंतर वारा पडला. लिंबाचं पानही हलेना. मग पश्चिमेकडून, धुळ्याच्या बाजूने, एक ढग आला. हातरुमालाएवढा नव्हता, चांगला मोठा होता, पोटाकडे काळसर. त्याच्या पुढे वाऱ्याची एक झुळूक आली आणि ओल्या मातीचा वास आला असं मला वाटलं. वाटलं असं म्हणतो, कारण त्याची खात्री नाही.

वरून अक्कांचा आवाज आला, "अवं, ढग उना! उचला!"

मायचा आवाज आला, "थांब, अक्का."

"अवं थांब काय? भिजतीन ना बठ्ठा!"

"भिजू दे. हात लाऊ नको."

 बायको कठड्याशी उभी राहून खाली आमच्याकडे बघत होती. सूर्य झाकला. अंगणातली सावली आणि ऊन एक झालं. मी आबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, ढगाकडे बघत होते. डावा हात खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, घट्ट होता. तोंड उघडलं, रोजच्यासारखं, आणि मी रोजच्यासारखी नजर खाली केली, कारण ते मिटताना बघवायचं नाही.

"उ," आबा म्हणाले.

मी वर पाहिलं.

"उच," आणि मग मानेची शीर ताठ करून, "उचला."

आवाज बारीक होता. खोल विहिरीतून आल्यासारखा, आणि शेवटी खरखरीत. पण शब्द पुरा होता. मला काय करावं सुचेना. ते चिडून माझ्याकडे वळले, या मुलाला कामाला लावल्याशिवाय काही होत नाही तसे, आणि पुन्हा म्हणाले, "उचला वं!"

गच्चीपर्यंत तो आवाज पोचणार नव्हता. मी आयुष्यात गल्लीत ओरडलेलो नाही, पण उभा राहून ओरडलो, "माय! आबा म्हणताहेत, उचला!"

 मग मायचा आवाज, "कोन म्हनस?"

"आबा!"

"काय म्हनतस?"

"उचला वं, म्हणतात!"

आणि मग वर जी धावाधाव झाली ती मला खालून नुसती ऐकू आली. चार टोकं धर, गुंडाळ, अगं दुमडू नको, दुमड दुमड, काय फरक पडस. अक्का हसत होत्या की रडत होत्या ते मी सांगू शकत नाही, दोन्हीचा आवाज खालून सारखाच येत होता. धोतरं जिन्यावरून खाली आली ती गाठोडी होऊनच. आत बिबड्यांचे तुकडे, काही ओले, काही एकमेकांना चिकटलेले. पसरून बघितलं तर एकही आख्खा नव्हता.

पाऊस आला नाही. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढे अक्का गल्लीत सांगताना थोड्या सरी पडल्याचं सांगू लागल्या. एक थेंबही पडला नाही. ढग आमच्यावरून सरकत फैजपूरच्या अंगाला गेला. तिकडे केळीवर कोसळला असेल तर मला माहीत नाही. आमच्या अंगणात पुन्हा ऊन पडलं, आणि ते ऊन चांगलंच तापलेलं होतं.

माय आबांच्या खाटेशी आली. हाताला पीठ, पदर खोचलेला, केस सुटलेले. कमरेवर हात ठेवून तिने वर आभाळाकडे बोट दाखवलं आणि दर वर्षीच्या आवाजात, अगदी त्याच आवाजात विचारलं, "कोठे शे पानी? आं? कोठे शे?"

आबा हसले. डाव्या बाजूने हसले, उजवी बाजू अजून येत नव्हती.

अक्का दारातून म्हणाल्या, "आबा, रडशान म्हने होतात ना? हाऊ दखा, रडाई दिधं."

मायने मांडीवर धोतर उलगडलं, त्यातला एक अर्धा ओला तुकडा सोडवला आणि आबांच्या तोंडात घातला. "खा. तुमना पायीच मोडनात, आते तुम्हीच खा." अर्धे ओले बिबडे आम्हा सगळ्यांनाच आवडतात, पण मुद्दाम कोणी काढून खात नाही. आबांनी सावकाश चावला. आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला भीती वाटत होती की मघाचा शब्द ढगाने ओढून बाहेर काढला आणि आता तो ढगाबरोबरच गेला असेल.

त्यांनी गिळलं. कपाळाला आठी घातली.

"मीठ," ते म्हणाले.

 मायचा चेहरा बदलला. त्यांच्या इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या मिठाला कोणी नाव ठेवलेलं नव्हतं.

"मीठ काय? जास्त शे का कमी शे?"

आबा तोंड उघडून बसले. पुढचा शब्द सापडेना. पण त्यांनी तोंड मिटलं नाही, शोधत राहिले.

"नही, पन सांगा ना! जास्त का कमी? आज सांगानंच पडी!"

संध्याकाळी गार वारा सुटला, खाट ओट्यावर घेतली, शाल आणली, तरी तिचं चालूच होतं. जास्त का कमी. एकदा ती पाठमोरी होऊन डोळे पुसत होती, तेव्हाही तेच विचारत होती. आबा मधूनमधून "मीठ" म्हणायचे, दर वेळी आधीपेक्षा थोडं स्पष्ट, आणि ती पुन्हा उसळायची. बायको आत पोळ्या लाटता लाटता हसत होती.

तो तुकड्यांचा डबा आम्ही वर्षभर खाल्ला. पाहुण्यांपुढेही मायने आदल्या दिवशीचे आख्खे बिबडे काढले नाहीत, तुकडेच तळले. मी त्याच संध्याकाळी, कोणी बघत नाही असं पाहून, एक तुकडा तोंडात टाकला होता. मीठ बरोबर होतं. पण ते मी त्या दोघांनाही सांगितलं नाही.